संस्थेसाठी सॉफ्टवेअर घ्यायचंय? नाशिकच्या नवख्यांसाठी पायरीपायरीने

अंबड-सातपूरचा कारखाना असो, दिंडोरीकडचं द्राक्षांचं पॅकहाऊस असो की एखादी शिक्षण संस्था, कधीतरी मालक किंवा सचिव ऑफिसमधल्या एखाद्या तरुणाला बोलावतात आणि सांगतात, "तुला कॉम्प्युटरमधलं कळतं, आता नव्या सॉफ्टवेअरचं तूच बघ." हा लेख त्या माणसासाठी आहे. तुम्ही प्रोग्रामर नसाल तरी चालेल. अकाउंट्स, स्टोअर किंवा डिस्पॅच सांभाळणारा माणूस हे काम उत्तम करू शकतो, कारण त्याला संस्थेचं काम आतून माहीत असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. सॉफ्टवेअर निवडणं हा या कामाचा लहानसा भाग आहे. आपलं काम रोज प्रत्यक्षात कसं चालतं ते लिहून काढणं, हा मोठा भाग. तो विक्रेत्याकडे सोपवता येत नाही. तुमच्या गेटवर, स्टोअरमध्ये आणि दुसऱ्या पाळीत काय घडतं हे त्याला ठाऊक नसतं, आणि त्यानं अंदाजानं भरलेल्या जागाच पुढे त्रास देतात.

पहिली पायरी: अडतंय कुठे ते विचारा

"आपल्याला ईआरपी पाहिजे" ही गरज नव्हे (ईआरपी म्हणजे हिशेब, स्टोअर, खरेदी-विक्री सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर). मालक, अकाउंटंट, स्टोअरकीपर, सुपरवायझर आणि डिस्पॅचवाला यांना वेगवेगळं गाठा आणि एकच विचारा: कोणत्या प्रश्नाचं उत्तर आज मिळत नाही, किंवा मिळवायला दोन दिवस जातात? उत्तरं फार नेमकी येतात. "प्लेटिंगवाल्याकडे आपला किती माल पडून आहे?" "या पार्टीची ऑर्डर शनिवारी निघेल का?" "या पेटीतली द्राक्षं कोणत्या शेतकऱ्याच्या कोणत्या प्लॉटमधली?" असे पाच-सात प्रश्न एका कागदावर उतरवा आणि त्यावर मालकांची सही घ्या. पुढे विक्रेते पन्नास सोयी दाखवतील, तेव्हा हाच कागद समोर ठेवायचा.

हे विचारताना काही अडचणी सॉफ्टवेअरच्या नाहीतच, हेही लक्षात येईल. रात्रपाळीत गेटवरच्या इनवर्ड रजिस्टरमध्ये नोंदच होत नसेल, तर संगणकातही ती होणार नाही. अशा गोष्टी आधी माणसांच्या पातळीवर सोडवा.

दुसरी पायरी: एका कागदाच्या मागे चाला

सगळ्या कंपनीचा नकाशा एकदम काढायला बसू नका. एक कागद निवडा आणि तो जिथे जिथे जातो तिथे स्वतः जा. कारखान्यात असाल तर मी जॉब वर्कचं, म्हणजे आपला माल बाहेरच्याकडून प्रक्रिया करून घेताना निघणारं, चलान सुचवेन, कारण त्यात सगळे गुंते एकत्र सापडतात.

समजा ५०० फ्लँज प्लेटिंगला गेले. चलान तीन प्रतींत निघालं: एक प्लेटिंगवाल्याची, एक गाडीवाल्याची, एक आपली. आठवड्यानं ३०० नग परत आले, पण त्याच्या चलानवर. आपल्याकडे त्या वस्तूचं नाव 'फ्लँज ६५ एमएम', त्यानं लिहिलंय 'गोल प्लेट'. चार दिवसांनी आणखी १८८ आले. सात नग रिजेक्ट होऊन वेगळ्या पिशवीत आले. आता ५०० मधून ३००, १८८ आणि ७ वजा केले तर ५ उरतात. ते पाच कुठे लिहिलेत? बहुतेक ठिकाणी त्यांची नोंद स्टोअरकीपरच्या खिशातल्या डायरीत असते. ती डायरी त्यांच्याकडे आदरानं मागा, पानांचे फोटो काढा. तुमच्या संस्थेची खरी माहिती प्रणाली आज ती डायरी आहे, आणि नव्या सॉफ्टवेअरला तिची जागा घ्यायची आहे.

या पाच नगांना कायद्यातही महत्त्व आहे. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉब वर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात आणि यंत्रसामग्री तीन वर्षांत परत यावी लागते. मुदत टळली तर तो माल पाठवला त्याच दिवशी पुरवठा झाला असं धरलं जातं आणि कर लागतो. म्हणजे 'कोणत्या चलानवरचा किती माल किती दिवसांपासून बाहेर आहे' हा रिपोर्ट तुमच्या गरजांच्या यादीत वरच हवा.

पॅकहाऊसमध्ये असाल तर चलानाऐवजी पेटीवरच्या लेबलामागे चाला. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची नोंद अपेडा या केंद्र सरकारच्या शेतमाल निर्यात संस्थेच्या ग्रेपनेट या ऑनलाइन प्रणालीवर असते: नोंदणी झालेली बाग, कीडनाशकांच्या अवशेषांची तपासणी, पॅकहाऊस, शेवटी निर्यातीची प्रमाणपत्रं. तुमच्या वजनकाट्यावरची पावती आणि तिथला बागेचा नोंदणी क्रमांक यांची गाठ कुठे पडते, ती कोण घालतं आणि घाईत ती सुटते का, हे उभं राहून पाहा.

तिसरी पायरी: विकत, भाड्यानं की बनवून

संस्था प्रणाली साधारण चार वाटांनी मिळवतात. तयार पॅकेज विकत घेतात. क्लाउडवरची सेवा महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यानं घेतात. बाहेरच्या कंपनीकडून खास बनवून घेतात. किंवा स्वतःची माणसं ठेवून घरात बनवतात. मुक्त स्रोत, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम कुणालाही बघता-बदलता येतो असं सॉफ्टवेअर, यांतल्या कोणत्याही वाटेनं घेता येतं. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट हे त्यातलं आपल्याकडचं ठळक नाव. त्याचा परवाना फुकट असतो, पण ते बसवणं, आपल्या कामाला जुळवणं, सर्व्हर सांभाळणं यांना पैसे लागतात.

माझं मत स्पष्ट आहे. जे काम सगळ्या धंद्यांत सारखं असतं, ते तयारच घ्या. हिशेब, जीएसटी, पगार, पीएफ या गोष्टी स्वतः बनवू नका. कारण कायदा बदलत राहतो. ई-इन्व्हॉइसचंच (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचं) पाहा: ऑक्टोबर २०२० मध्ये ते ५०० कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना लागू झालं, मग मर्यादा १००, ५०, २०, १० अशी खाली येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींवर आली. तीन वर्षांच्या आत पाच वेळा नवे धंदे या जाळ्यात आले. तयार पॅकेजवाले हजारो ग्राहकांसाठी असा बदल एकदाच करतात. तुम्ही बनवून घेतलेल्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्र प्रत्येक बदलाचा खर्च एकट्या तुमच्यावर येतो. शिवाय तुमची संस्था कंपनी कायद्याखाली नोंदलेली असेल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची न पुसता येणारी नोंद राहणं बंधनकारक आहे. 'पाहिजे तेव्हा मागची एंट्री बदलता येईल' असं सांगणाऱ्या विक्रेत्याला तिथेच नमस्कार करा.

याउलट जे काम फक्त तुमचंच आहे, ज्याच्यावर तुमचा धंदा इतरांपेक्षा वेगळा उभा आहे, तिथे बनवून घेण्याचा विचार जरूर करा. बागेतल्या प्लॉटपासून कंटेनरपर्यंतचा माग ठेवणं हे असं काम असू शकतं.

तयार पॅकेजमध्ये बदल करून घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. "आमच्याकडे पूर्वीपासून असंच करतात" एवढंच कारण असेल तर बदल मागू नका, आपली पद्धत बदला. प्रत्येक बदल नव्या आवृत्तीच्या वेळी पुन्हा तपासावा लागतो. ग्राहक कंपनीच्या अटीमुळे किंवा कायद्यामुळे लागणारे बदल मात्र सोडू नका.

चौथी पायरी: पाच वर्षांचा खर्च मांडा

कोटेशनवरचा आकडा म्हणजे पूर्ण खर्च नव्हे. परवाना किंवा भाडं, बसवण्याचा खर्च, बदल, जुनी माहिती आणणं, प्रशिक्षण, संगणक, बारकोड प्रिंटर, यूपीएस, दुसऱ्या कंपनीची पर्यायी इंटरनेट लाइन आणि दर वर्षीची एएमसी (देखभालीचा वार्षिक करार), हे सगळं पाच वर्षांसाठी एका तक्त्यात मांडा. भाड्याची सेवा पहिल्या वर्षी स्वस्त दिसते, पाचव्या वर्षी चित्र बदलू शकतं. वापरणाऱ्या माणसांच्या संख्येवर भाडं असेल तर दोन वर्षांनी किती माणसं वापरतील तेही धरा. आपल्या माणसांचा वेळही खर्चात मोजा. स्टोअरकीपर महिनाभर रोज दोन तास या कामाला देणार असेल तर त्याच्या जागी कोण उभं राहणार?

पाचवी पायरी: कोटेशन मागवा आणि आपल्या मालावर डेमो घ्या

पहिल्या दोन पायऱ्यांतून सात-आठ पानांचं टिपण तयार होईल: प्रश्नांची यादी, कागदांचा प्रवास, रोज किती चलान निघतात, किती माणसं वापरतील, कोणते रिपोर्ट हवेत. ते तीन-चार विक्रेत्यांना सारखंच द्या. सरकारी किंवा अनुदानित संस्थेत असाल तर जेम हे सरकारी खरेदीचं पोर्टल, ई-निविदा आणि तुमच्या विभागाचे खरेदीचे नियम पाळावे लागतील. तिथे लेखाधिकाऱ्यांशी आधीच बोला.

डेमोच्या दिवशी विक्रेता स्वतःची माहिती घेऊन येतो आणि तिच्यावर सगळं छान चालतं. त्याला आपले ५०० फ्लँज द्या. म्हणा, "चलान काढा. आता ३०० परत घ्या, नाव वेगळं आहे. मग १८८ घ्या. सात रिजेक्ट दाखवा. पाच कमी आहेत. आता महिन्याअखेरचा बाकी मालाचा रिपोर्ट काढा." आणि खुर्चीवर त्याच्या माणसाला बसवू नका, आपल्या स्टोअरकीपरला बसवा. त्याला शेजारून किती वेळा सांगावं लागतं ते बघा. चूक एंट्री मुद्दाम मारा आणि ती दुरुस्त कशी होते ते विचारा. इंटरनेट बंद करून पाहा. मराठी नावानं शेतकरी शोधून पाहा. "हे पुढच्या आवृत्तीत येणार आहे" असं उत्तर आलं की तुमच्या यादीत त्यापुढे 'नाही' लिहा.

मग त्याच्या जुन्या ग्राहकांकडे जा. निमा किंवा आयमा या नाशिकच्या उद्योजक संघटनांच्या ओळखीतून तुमच्याच आकाराचा कारखाना शोधता येतो. विक्रेत्यानं दिलेल्या नावाबरोबर आपण स्वतः शोधलेलं एक नाव असू द्या. तिथे मालकांना भेटून झालं की स्टोअरमध्येही डोकवा. टेबलावर अजून जुनं रजिस्टर उघडं असेल तर ते का, हे विचारा.

सहावी पायरी: करार, आणि इथे घाई नको

या पायरीवर लोक सगळ्यात कमी वेळ देतात म्हणून सविस्तर लिहितो.

सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीकडून बनवून घेतलं आणि पूर्ण पैसे दिले, म्हणजे ते आपलं झालं असं अनेकांना वाटतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात तसं नाही. तुमच्या पगारी नोकरानं नोकरीच्या कामात लिहिलेल्या प्रोग्रामचे पहिले मालक तुम्ही, हे कलम १७ सांगतं. पण बाहेरच्या कंपनीनं लिहिलेला प्रोग्राम तिचाच राहतो, जोवर ती तो हक्क लेखी, सही करून तुमच्या नावे करत नाही. कलम १९ मध्ये आणखी एक खाच आहे: हक्क हस्तांतराच्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट लिहून घ्या, सोर्स कोड (प्रोग्रामरनं लिहिलेला मूळ प्रोग्राम) कधी व कोणत्या रूपात हातात येणार तेही. तयार पॅकेज किंवा भाड्याच्या सेवेत मालकी मिळत नाही, फक्त वापराचा परवाना मिळतो. तिथे भांडायचं ते माहितीसाठी.

माहितीबाबत दोन वाक्यं करारात असलीच पाहिजेत. एक, भरलेली सर्व माहिती संस्थेची आहे. दोन, सेवा बंद केल्यावर ठरलेल्या दिवसांत ती सगळी माहिती, जोडलेल्या कागदपत्रांसकट, एक्सेल किंवा सीएसव्हीसारख्या उघडता येणाऱ्या रूपात जादा पैसे न घेता मिळेल. करारावर सही करण्याआधी हे एकदा करून दाखवायला सांगा.

पैसे टप्प्यानं द्या, आणि टप्पा तारखेवर न ठेवता कामावर ठेवा. 'बाकी मालाचा रिपोर्ट आपल्या स्टोअरच्या मोजणीशी जुळला' हा टप्पा झाला. शेवटचा मोठा हप्ता पहिला महिना बंद होऊन हिशेब जुळेपर्यंत हातात राखा. एएमसीमध्ये काय येतं आणि काय येत नाही, कायदा बदलला तर पैसे कोण देणार, तक्रार केल्यावर किती तासांत माणूस मिळणार, हे शब्दांत उतरवा.

शेतकरी, विद्यार्थी, कामगार यांची वैयक्तिक माहिती ठेवणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही बघा. माहिती विक्रेत्याच्या सर्व्हरवर असली तरी कायद्यापुढे उत्तर तुमच्या संस्थेला द्यावं लागतं. म्हणून गरज नसेल तिथे आधार क्रमांकाचा रकाना ठेवूच नका.

बनवून घेत असाल तर

पूर्ण गरजा आधी लिहायच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम, शेवटी चाचणी, अशी एकामागून एक जाणारी पद्धत धबधबा पद्धत म्हणून ओळखली जाते. तिचं मूळ विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या लेखात दाखवतात, पण त्याच लेखात त्यांनी अशी सरळ उतरंड जोखमीची आहे असं बजावलं होतं. २००१ मध्ये अमेरिकेत १७ प्रोग्रामर मंडळींनी एकत्र येऊन लहान टप्प्यांच्या, ग्राहकाला सोबत घेऊन करायच्या अजाइल पद्धतीचा जाहीरनामा लिहिला. तुमच्यासाठी याचा अर्थ एवढाच: दर पंधरा दिवसांनी चालणारा एखादा तुकडा बघायला मागा आणि तो वापरणाऱ्या माणसाच्याच हातात द्या. सहा महिन्यांनी एकदम पूर्ण प्रणाली बघायची वेळ येऊ देऊ नका.

सातवी पायरी: जुनी माहिती साफ करा

हे काम कंटाळवाणं आहे आणि प्रकल्पाचं यश बरंचसं यावरच ठरतं. करार झाला की त्याच आठवड्यात सुरू करा.

वस्तूंची यादी घ्या. एकच बोल्ट तीन नावांनी असेल. प्रत्येक वस्तूला एक कोड, एक नाव, एक मापाचं एकक. किलोनं विकत घेऊन नगानं वापरत असाल तर त्यांचं गुणोत्तर आत्ताच ठरवा.

मराठी नावांचं प्रकरण वेगळंच असतं. जुन्या याद्या श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फाँटमध्ये टाइप केलेल्या असतील तर नव्या प्रणालीत त्या रोमन अक्षरांच्या खिचडीसारख्या दिसतील. त्या युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) बदलण्याची साधनं मिळतात, पण बदलल्यावर रफार, 'ऱ्ह', 'ऱ्य' आणि जोडाक्षरं माणसानं डोळ्यांनी तपासलीच पाहिजेत. युनिकोडमध्ये असलेल्या नावांतही एक छुपी अडचण आहे. 'कुऱ्हाडे' यातला अर्धा र दोन वेगळ्या प्रकारांनी टाइप होतो. 'ॲ' हे अक्षरही तसंच. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, संगणकाला ते वेगळे शब्द वाटतात. एका ऑपरेटरनं भरलेला शेतकरी दुसऱ्याला शोधूनही सापडत नाही, मग तो नवं खातं उघडतो आणि एकाच माणसाचा माल दोन खात्यांत जातो. विक्रेत्याला विचारा, शोधताना ही दोन्ही रूपं एकच धरली जातात का. आणि ओळख नावावर किंवा मोबाइलवर ठेवू नका, एका घरात तिघांचा मोबाइल एकच असतो. आपला स्वतःचा खाते क्रमांक द्या.

आठवी पायरी: सुरू कधी करायचं

दिवस निवडणं हा सुद्धा निर्णय आहे. अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीनं १९९९ च्या जुलैमध्ये नवी प्रणाली सगळीकडे एकदम सुरू केली. पुढ्यात हॅलोविनचा हंगाम होता. गोदामात माल असूनही ऑर्डरी वेळेत पोहोचल्या नाहीत आणि सुमारे १० कोटी डॉलरच्या मालाचा घोळ झाला. इतकी मोठी कंपनी हंगामाच्या तोंडावर अडकू शकते, तर आपण जानेवारी ते एप्रिल, द्राक्षांच्या काढणीत, पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर बदलायचा विचारही करू नये. पावसाळ्यातले निवांत महिने त्यासाठी चांगले. कारखान्यात मार्चअखेर आणि दिवाळीपूर्वीचे आठवडे टाळा. हिशेबासाठी १ एप्रिल सोयीचा वाटतो, पण अकाउंटंट तेव्हा मागच्या वर्षात बुडालेले असतात. स्टोअर आणि जॉब वर्क त्याआधीच सुरू करून ठेवा.

एका विभागापासून सुरुवात करा. निदान एक महिनाअखेर पार होईपर्यंत जुनं रजिस्टर आणि नवी प्रणाली दोन्ही चालू ठेवा आणि रोज संध्याकाळी आकडे जुळवा. दोनदा लिहावं लागतं म्हणून माणसं चिडतील, ते रास्तच आहे. म्हणून ही मुदत आधीच जाहीर करा आणि त्या तारखेला रजिस्टर खरोखर बंद करा.

प्रशिक्षण हॉलमध्ये बसवून देऊ नका. प्रत्येकाला त्याच्या जागेवर, त्याच्या स्वतःच्या चलानवर शिकवा. स्टोअरमधल्या जुन्या माणसांना, मग ते अण्णा असोत की काका, सगळ्यांसमोर चुका दाखवू नका. शेजारी बसून, वेळ देऊन दाखवा. त्यांचं मन वळलं की बाकीची मंडळी आपोआप येतात. पडद्यावरची नावं मराठीत ठेवता येत असतील तर ठेवा.

सुरू झाल्यानंतर

पहिले तीन महिने तक्रारींची एक वही ठेवा आणि दर शनिवारी विक्रेत्यासोबत ती संपवा. बॅकअप रोज होतो एवढ्यावर विसंबू नका. तीन महिन्यांतून एकदा तो दुसऱ्या संगणकावर उतरवून खरंच उघडतो का ते तपासा, आणि त्याची एक प्रत कारखान्याच्या आवाराबाहेर ठेवा. नोकरी सोडलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा. मुख्य पासवर्ड आणि डोमेनची मालकी संस्थेच्या नावावर आहे, विक्रेत्याच्या किंवा एखाद्या कर्मचाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर नाही, हे आजच पाहून घ्या. तुमच्याशिवाय आणखी एका माणसाला हे सगळं माहीत असू द्या, आणि पहिल्या पायरीवर सही घेतलेला तो प्रश्नांचा कागद सहा महिन्यांनी मालकांसमोर ठेवून एकेक उत्तर पडद्यावर काढून दाखवा. जे निघणार नाही, ते विक्रेत्याच्या पुढच्या कामाच्या यादीत पहिलं.